गोचिडांचे डॉक्टर

माझं अक्षर वाकडं आहे, वाचणाऱ्याला पटकन लागत नाही, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. शाळा चौथीपर्यंतच झाली. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्या. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते मात्र बाटली उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "मला लागतं तुमचं अक्षर, ताई."

ते गुरांचे डॉक्टर, पण आमच्याकडे यायचे गोचीड गोळा करायला. बोर्लीहून मोटारसायकलवर, पाठीला सूक्ष्मदर्शकाची पेटी. पहिल्यांदा येणार हे कळलं तेव्हा आम्ही बायकांनी काय केलं असेल? शहरातला माणूस येणार म्हणून सकाळपासून गुरं घासली, एकेक गोचीड वेचून चुलीत टाकला. सगळे गोठे पालथे घालून डॉक्टर आमच्या ओटीवर टेकले. असंच चाललं तर माझी नोकरी जाईल, म्हणाले.

पुढच्या खेपेला मी दोन राखून ठेवले, औषधाच्या रिकाम्या बाटलीत. त्यांनी बाटलीवर गाईचं नाव आणि तारीख लिहायला लावली. लग्नानंतर मी पहिल्यांदाच पेन धरलं.

परक्या पुरुषाशी बोलायची मला सवय नव्हती. आमची तांबडी, जर्सी गाय, सात महिन्यांची गाभण होती. तिच्या खांद्यापुढे गाठ आली, अंग तापलं. त्या दिवशी डॉक्टर येऊन गेले, मी गप्प राहिले. दोन दिवसांनी परत आले. बाटल्या घेऊन गाडीला किक मारली तेव्हा दाराआडून कसंबसं म्हटलं, "गाठ हाय तिला. परवापासून."

ते उतरले. गाठीत सुई घालून थेंब काचेवर घेतला, रंग लावला आणि मला बोलावलं. "बघा, घरात कोण शिरलंय."

निळा-जांभळा गोल म्हणजे गाईची पेशी, म्हणाले. त्यात बारीक ठिपके होते. गोचिडातून आलेला जीव. तो पेशीला खातो काय, मी विचारलं. खात नाही तेच वाईट, म्हणाले. पेशीत जनुकांची वही असते, कुठलं काम कधी करायचं त्याची. हा आत बसून आपली प्रथिनं त्या वहीपर्यंत धाडतो. ती एकही ओळ खोडत नाहीत. नुसती मिटलेली पानं उघडतात, उघडी मिटतात. मग पेशी आपलं काम सोडून वाढत सुटते आणि तिच्याबरोबर हाही वाढतो.

"मग ती गाईची न्हाय राहिली?"

"गाईचीच. परका गेला की पानं जागेवर येतात."

इंजेक्शन दिलं. चार दिवस रोज आले, ओटीवर न टेकता सरळ गोठ्यात जायचे. पाचव्या दिवशी तांबडीने गवताला तोंड लावलं. पुढे पाडी झाली.

यंदा सुपारी उतरवायच्या दिवसांत ते रिक्षाने आले. सदरा खांद्यावर टांगल्यासारखा दिसत होता. बाटली घ्यायला वाकले आणि मला दिसलं. या वेळी मी थांबले नाही.

"डॉक्टर, मानेला गाठ हाय तुमच्या."

"हाय," ते माझ्यासारखंच म्हणाले. "मीही तुमच्यासारखा गप्प बसलो, ताई. दोन दिवस नाही, वर्षभर."

इंजेक्शन असेल ना, मी म्हटलं.

"चालू आहेत. पण माझ्यात परका कोणी शिरलेला नाही. पानं माझ्याच पेशींनी उघडलीत. हाकलू कोणाला?"

मग त्यांनी सगळ्या बाटल्या एकेक करून उजेडात धरल्या, नावं वाचली, तांबडीच्या पाठीवरून हात फिरवला. पावसाळ्याआधी ते गेल्याचं कळलं.

आता गावात कुठल्या गाईला गाठ दिसली की बायका मला हाक मारतात आणि मी जाते. काल पाडीच्या कानातला गोचीड काढला, बाटलीत टाकला. नाव लिहिलं, तारीख लिहिली. दारात जाऊन बाटली उजेडात धरली. माझं अक्षर मला लागलं.