उगवतीकडे उतू गेलेलं दूध

मोडीत काढलेल्या बसमध्ये संसार थाटायचा ही कल्पना नवऱ्याची, हट्ट मात्र माझा. तो गॅरेजमध्ये बसच्या बॉड्या बांधायचा, मी शहराबाहेरच्या नंदनवन वस्तीतल्या एका शाळेत शिकवायचे. सत्तरच्या दशकात तिकडे मोकळे प्लॉटच जास्त. आमची घर बांधायची ऐपत नव्हती, म्हणून तिथल्याच एका प्लॉटवर बस आणून उभी केली. चाकं तशीच ठेवली.

सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही. "घराले चाकं असते का वं?" येता-जाता विचारायच्या. शेवटी त्यांनी अट घातली. गृहप्रवेशाला बसमध्ये दूध तापवायचं. उगवतीकडे उतू गेलं तर खुशाल राहा, मावळतीकडे गेलं तर सामान उचलून गावाकडे, कळमेश्वरच्या घरी चला. तिकडे गेले की माझी नोकरी सुटणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आदल्या संध्याकाळी आम्ही बस सरळ करून घेतली. काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून त्याच्याखाली फळी. एकेक बाजू उचलून चाकांखाली फरशीचे तुकडे सरकवले. आत परातभर पाणी ठेवून पाहिलं, पाणी चारी काठांना सारखं लागलं.

सकाळी मी हौसेनं दारापुढे सडा घातला, बादल्या भरभरून. बसचं दार मावळतीला. काळ्या मातीला पाणी दाखवलं की ती कशी खचते हे मला जन्मापासून माहीत, पण सणासुदीला सडा घातल्याशिवाय हात राहतो कुठे? सासूबाई आल्या, स्टोव्ह पेटला, दूध वर आलं आणि दाराच्या बाजूनं ओघळलं.

"पाह्यलं? मावळतीले गेलं. चाला आता."

नवरा माझ्याकडे न बघता गादी गुंडाळायला लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्टोव्ह विझवून मी खाली उतरले. दाराकडची चाकं फरशीसकट चिखलात बसली होती. नव्या लुगड्याचा पदर खोचला, फळी टाकली आणि जॅक लावला. सासूबाई आतच होत्या, सीटचा दांडा धरून.

"हे काय करून राहिली वं?"

"घर सरळ करून राहिली."

"शकून असा वाकवता येत नसते."

"आई, चूल डुगडुगली का तुम्ही खाली खापर लावता. मी घराखाली फरशी लावली त काय बिघडलं?"

नवरा गादी टाकून खाली आला आणि फरशा सरकवू लागला. दारातून डोकावून कालच्या परातीतलं पाणी सारखं झालेलं पाहिलं तेव्हा म्हणाला, "झालं, पुरे." मी म्हटलं, "अजून." पाणी उगवतीच्या काठावरून सांडेपर्यंत मी जॅकचा दांडा सोडला नाही.

उरलेलं दूध पुन्हा चढवलं. ते उगवतीकडे उतू गेलं.

"हा शकून नाही," सासूबाई म्हणाल्या. "दांडगाई आहे."

"हो, दांडगाईच आहे. अन् मी इथंच राहणार."

पुढे नवरा कितीदा म्हणाला, आता तरी सरळ करू. ताटातलं वरण एका बाजूला जमायचं, झोपेत आम्ही दोघं घसरून खिडकीला भिडायचो. मी जॅकला हात लावू दिला नाही. त्याच तिरप्या पायरीवरून उतरून मी रोज शाळेत जात राहिले.