दहा मिनिटं पुढचं घड्याळ

नागोरावांचं काम विचाराल तर जगाला वेळ सांगायचं. आता जग म्हणजे एका कंपनीतले हजारभर कॉम्प्युटर, पण त्यांना तेवढं पुरे होतं. छतावर वाटीएवढा अँटेना. तो आकाशातल्या उपग्रहांच्या घड्याळांकडे कान लावून बसायचा, आणि खालच्या थंडगार खोलीतला एक डबा ती वेळ सगळ्यांना वाटायचा. प्रत्येक मशीन विचारायचं, किती वाजले? उत्तर वाटेत रेंगाळलं तेवढा उशीर हिशोबात धरून आपली वेळ जुळवायचं. डोळे मिटले की नागोरावांना वाटायचं, सगळी पृथ्वी एका लयीत श्वास घेतेय.

आणि नल्लकुंट्यातल्या घरी? भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं! त्यांच्या पत्नी सरुबाईंनी लेकीच्या, माधवीच्या, शाळेसाठी कधीकाळी केलेलं. माधवी लग्न होऊन गेली, घड्याळ तसंच. बघायचं आणि मनात दहा वजा करायचे, ही घरची रीत. फोन सरुबाईंना बोलण्यापुरता. वेळ बघायची ती भिंतीवरच. नागोरावांना त्या घड्याळाची लाज वाटायची. एका रविवारी सेल बदलताना त्यांनी ते सेकंदाला सेकंद जुळवून टाकलं. सांगायचं मात्र राहून गेलं.

बुधवारी नांदेडहून फोन आला. सरुबाईंची आई शेवटच्या घटका मोजत होती, लेक आली का म्हणून एकसारखी विचारत होती. गाडी काचीगुडा स्टेशनातून संध्याकाळी सहाला. नागोराव ऑफिसातून थेट फलाटावर पोचले. त्यांच्यादेखत गाडी सुटली. मग पिशवी सावरत सरुबाई आल्या, अगदी निवांत.

"अजून टैम आहे ना?"

नागोरावांनी रिकाम्या रुळांकडे बोट दाखवलं. त्यांनी घड्याळाचं सगळं सांगितलं. सरुबाईंनी घरातून निघताना रीतीप्रमाणे दहा वजा केले होते. रात्रीची बस धरून दोघं सकाळी पोचले, तोवर आई गेली होती.

आईचा जलदान विधी आटोपून घरी परतल्यावर नागोराव अपराध्यासारखे स्टुलावर चढले, काटा पहिल्यासारखा पुढं करायला.

"पुढं नको," सरुबाई म्हणाल्या. "दहा मिनिटं मागं करा. गाडी उभी असंल अजून."

त्यांनी काटा मागं फिरवला.

आता रोज संध्याकाळी जगात सहा वाजतात तेव्हा त्या भिंतीवर सहाला दहा कमी असतात. तेवढी दहा मिनिटं दोघं घड्याळासमोर बसून राहतात. गाडी फलाटावर उभी असते.