एकाच आईच्या माश्या

माश्या मारत बसणं हा रिकामटेकड्यांचा धंदा, असं आपण म्हणतो. माशीमावशीला पगार मिळायचा तो माश्या जगवण्याचा. आणि माश्या तरी कसल्या! वाळूमाश्या. डासाच्या निम्म्यासुद्धा नाहीत, अंगभर लव, उडायच्या कमी आणि भिंतीवर टुणटुण उड्या मारायच्या जास्त. चावताना गुणगुण नाही, आवाज नाही. जिच्या पोटात जंतू असतो ती चावली की माणसाला काळा आजार धरतो. ताप जाता जात नाही, पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून डावीकडून पोट टणक होतं, अंग वाळत जातं, आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस हातचा जातो. मावशीच्या माश्या खोलीतच जन्मलेल्या, त्यांच्या पोटात तो जंतू नव्हता.

खरं तर ती आली होती पिंजरे शिवायला. आधी कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना कॉलर लावायची. कारखाना बंद पडला, आणि रोगनियंत्रण केंद्राच्या मॅडमना बारीक कापडाचे पिंजरे शिवणारं कुणीतरी हवं होतं, कारण साध्या मच्छरदाणीच्या भोकातून ही माशी आरामात ये-जा करते. पिंजरे शिवता शिवता ही बाई माश्यांची आई होऊन बसली. तळाशी प्लास्टर ओतलेल्या बरण्या, त्यांच्याखाली ओला स्पंज, अळ्यांसाठी सशाच्या लेंड्या वाळवून, कुटून, चाळून केलेलं खाणं, मोठ्या माश्यांना साखरपाण्याचा कापूस. खोलीला असा काही वास यायचा की केंद्राचा ड्रायव्हर दारातूनच निरोप सांगायचा. "तुमच्या लेकी तुम्हालाच लखलाभ, मावशी!" म्हणायचा आणि पळायचा.

माशीमावशी हे नाव मात्र भाचीने ठेवलेलं. मावशीचा संसार फार पूर्वीच मोडला होता, मूलबाळ नव्हतं. धाकटी बहीण आणि तिची पोरगी टिकली, एवढाच गोतावळा. धाकटीला दिली होती डोंगरावरच्या वस्तीत, नवरा परगावी कामाला, त्यामुळे त्या घरात थोरलीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पोरीला कुठल्या शाळेत घालायचं, खिडकी कुठे पाडायची, सगळं ताईला विचारून. आणि ताईला विचारलेलं आवडायचं हो, खोटं कशाला बोला. उत्तर तिच्या जिभेवर तयार असायचं.

मावशीकडे दोन घराणी होती. एक नदीकाठच्या माश्यांचं, एक डोंगरावरच्यांचं. ही माशी उडायला इतकी लेचीपेची की डोंगर ओलांडून सोयरीक करणं तिच्या बापजन्मात होत नाही. वर्षानुवर्षं इकडच्या इकडे आणि तिकडच्या तिकडे वाढल्या की दोन्हीकडच्या जनुकांत फरक पडत जातो. इकडची माशी ज्या विषाने मरते, त्या विषावर तिकडची कदाचित मजेत नांदेल. म्हणून दोन घराण्यांच्या बरण्या वेगळ्या, चिमटे वेगळे, मावशीचे एप्रनसुद्धा वेगळे.

डोंगराच्या बरण्यांना एकदा बुरशी लागली. रातोरात पांढरं जाळं पसरलं आणि अळ्या, माश्या पटापट मेल्या. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने प्रत्येक बरणी भिंगाखाली धरून शोधली, तेव्हा एक, फक्त एक मादी जिवंत सापडली, पोटात अंडी असलेली. तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. नवी बरणी, उकळून थंड केलेलं पाणी, ओलावा जरा जास्त नाही की कमी नाही. माशीने अंडी घातली, अळ्या झाल्या, त्यांच्या माश्या झाल्या, त्यांनी आपसांतच संसार थाटले, आणि पुढच्या हंगामापर्यंत पिंजरे पुन्हा गच्च भरले. सगळ्या केंद्राने टाळ्या वाजवल्या. मॅडमनी मावशीला मिठीच मारली. मॅडम साध्यासुध्या नव्हेत, माश्यांवर डॉक्टरेट केलेल्या, पण आनंदाच्या भरात त्यांनाही पुढचं सुचलं नाही.

मग डोंगरावर फवारणी करायची वेळ आली. जुनं औषध चालेल की नवं आणायचं? ते ठरवायला पुष्कळ माश्या लागतात, सारख्या वयाच्या. रानातल्या तेव्हा मिळेनात, आणि मावशीकडे तर डोंगरावरच्या माश्यांची रेलचेल. मग काय, त्याच घेतल्या. जुनं औषध लावलेल्या कागदावर सोडल्या आणि एकूण एक मेल्या. जुनंच औषध पक्कं झालं. धाकटीच्या घराच्या भिंतींवरही ते मारलं गेलं.

टिकलीसाठी मावशीने पिंजऱ्याच्याच कापडाची जाळी शिवून दिली होती. वाळूमाशी शिरणार नाही इतकी दाट, त्यामुळे आत वारा लागेना. पोरगी घामाने चिंब व्हायची, रडायची. धाकटीने विचारलं, "ताई, आता भिंतीला औषध मारलंय. काढू का गं जाळी?"

"काढ खुशाल," मावशी म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत मेल्यात सगळ्या. त्या माश्या माझ्या घरच्या, मला ठाऊक नाही तर कुणाला?"

जाळी घडी करून ठेवली गेली. उन्हाळा सरला, पाऊस येऊन गेला.

त्यानंतर मोठ्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे दोन्ही घराण्यांच्या माश्या जनुकं वाचण्यासाठी तिकडे पाठवल्या होत्या. मॅडमनी मावशीला बोलावलं आणि खुर्ची पुढे सरकवली. मॅडम स्वतः उभ्याच राहिल्या.

"नदीकाठच्या माश्यांत हवी तेवढी विविधता आहे," मॅडम म्हणाल्या. "डोंगरावरच्यांत जवळजवळ नाहीच. सगळ्या एका माळेचे मणी."

"असणारच की मॅडम. एकाच आईच्या ना त्या."

बोलून गेली, आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. एकाच आईच्या. ती आई त्या विषाने मरणारी निघाली, म्हणून तिच्या लेकी-नाती मेल्या. खाण तशी माती. पण डोंगरावर काय एकच आई होती?

"शितावरून भाताची परीक्षा करतात," मॅडम हळूच म्हणाल्या, "पण आपण तर एका शिताचेच हजार तुकडे करून तपासले. मला हे तेव्हाच दिसायला हवं होतं. मी टाळ्या वाजवत बसले."

मावशीला ते पुढचं ऐकूच आलं नाही. "मॅडम," ती म्हणाली, "मी टिकलीची जाळी काढायला लावली हो."

मॅडमनी गाडी काढायला सांगितली.

मावशीने आपल्या डोंगरी घराण्याच्या माश्यांचा एक पिंजरा ओल्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला. घाटात ड्रायव्हरने नेहमीची थट्टा सुरू केली, "लेकींना माहेरी न्यायचं चाललंय वाटतं?" आणि आरशात तिचा चेहरा पाहून नजर रस्त्यावर वळवली. मावशी मनात एकच घोकत होती. नसू देत. त्या भिंतीवर एकही नसू दे. कधी नव्हे ते ती माश्या न सापडण्यासाठी हात जोडत होती.

धाकटी दारातच भेटली. "अगंबाई, ताई! आणि मॅडमपण? कळवायचं तरी!"

"टिकली कुठेय?"

"आत पडलीय. चहा टाकते, बसा."

टिकली भिंतीलगतच्या खाटेवर पाठ करून झोपली होती. मावशीने तिच्याकडे पाहिलं, पण पाय वळले भिंतीकडे. आधी भिंत बघायची, असं तिने गाडीतच ठरवलं होतं. पोरीला हात लावायचा धीर होत नव्हता, हे खरं कारण. खाटेच्या मागे गिलाव्याला भेग होती. मावशीने बॅटरी मारली. औषधाची पांढुरकी पुटं अजून दिसत होती, आणि त्या पुटांवरच, पंख उभे धरून, बसल्या होत्या. बॅटरीच्या उजेडात एकीने टुणकन उडी मारली.

मावशीने आतून जाळी बसवलेली काचेची नळी तोंडाला लावली आणि एकेक माशी नळीत ओढून घेतली. हात सरावाने चालले.

"औषध धुऊन गेलं असेल," मॅडम म्हणाल्या. "तसं असेल तर तुमच्याही मरणार नाहीत. दोन्ही लावून बघू."

दोन पारदर्शक वाट्या भिंतीवर उपड्या चिकटवल्या. एकीत घरच्या, एकीत भिंतीवरच्या. धाकटी चहाचे कप हातात घेऊन दारात उभी, तिला काही कळेना. "ताई, चाललंय तरी काय?" ताई वाट्यांवरची नजर हलवेना. चहावर साय धरली.

पहिल्यांदा घरची एक माशी लटपटली. मग दुसरी पाठीवर पडून पाय झाडू लागली. हळूहळू त्या वाटीत सगळा खच पडला. म्हणजे भिंतीवर औषध होतं, शाबूत होतं. शेजारच्या वाटीत दोन-तीन आडव्या झाल्या होत्या. बाकीच्या उड्या मारत होत्या.

"नियमाने उद्यापर्यंत बघायला हवं," मॅडम म्हणाल्या. "पण उद्यापर्यंत थांबायची मला गरज वाटत नाही. मी नव्या औषधासाठी आत्ताच फोन करते." आणि त्या बाहेर गेल्या.

आता खाटेकडे वळल्यावाचून गत्यंतर नव्हतं. मावशीने टिकलीच्या पाठीवर हात ठेवला. अंग तापलेलं होतं. दंड तिच्या मुठीत मावत होता, आणि मूठ भरत नव्हती.

"ताप कधीपासून आहे हिला?"

"येतो-जातो गं. बरेच दिवस झाले. इथल्या डॉक्टरने गोळ्या दिल्यात."

"बरेच दिवस? आणि मला सांगितलं नाहीस? रक्त तपासलंस का?"

"नर्सबाई म्हणत होत्या, काळ्या आजाराचं रक्त बघून घ्या म्हणून," धाकटी म्हणाली. "मीच म्हटलं, काही नको. माझी बहीण तिथेच कामाला आहे, ती म्हणालीय त्या माश्या आता मेल्या. मग तो आजार कुठून यायला? साधाच ताप असेल म्हटलं."

मावशीने पोरीचा फ्रॉक वर केला आणि डाव्या बरगडीखाली बोटं दाबली. खाली टणक लागलं. तिने हात तसाच ठेवला, जणू हात काढला नाही तर ते खरं होणार नाही.

"चप्पल घाल," ती धाकटीला म्हणाली. "दवाखान्यात जायचंय."

टिकलीला तिने स्वतः उचललं. शाळेत जाणारी पोर, पण वजन काहीच लागलं नाही. गाडीत मावशीने सगळं सांगून टाकलं. बुरशी, ती एक माशी, तिच्या लेकी, सगळं. काही लपवलं नाही, काही गोड केलं नाही. धाकटी खिडकीबाहेर बघत ऐकत होती. ऐकत होती की नाही कोण जाणे.

दवाखान्यात बोटातलं थेंबभर रक्त पट्टीवर घेतलं आणि थोड्याच वेळात पट्टीवर दुसरी रेघ उमटली. डॉक्टर म्हणाले, काळा आजारच आहे, भरती करा, शिरेतून औषध सुरू करतो. अंगात रक्त फार कमी आहे, उशीर झालाय. एवढं बोलून ते आत गेले.

दोघी बहिणी बाहेरच्या बाकावर बसल्या.

"शिव्या घाल मला," मावशी म्हणाली. "तोंडात मार. पण अशी गप्प बसू नकोस."

"घालीन. पुढे जन्म पडलाय," धाकटी म्हणाली. "आधी सांग, बरी होईल ना ती?"

"डॉक्टरांना विचार. माझ्या शब्दाचं काय झालं ते बघितलंस ना?"

"डॉक्टर कोण माझा? तूच सांग."

मावशीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. होईल, नक्की होईल, वेडी की काय तू. ते तिने गिळलं. तिला रडू येत होतं, पण तिने आवाज स्थिर ठेवला.

"बहुतेक मुलं बरी होतात," ती म्हणाली.

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे सगळी नाही."

धाकटीने तिचा हात धरला आणि इतका घट्ट दाबला की नखं रुतली. मावशीने तो सोडवून घेतला नाही.