न्हावऱ्याजवळ बंद पडलेला ब्लोअर

वरवंडहून निरोप आला होता. संजूच्या वर्षश्राद्धाला दादाने यावंच. संजू आणि माझा भाऊ कुरकुंभच्या एका कारखान्यात एकाच पाळीला होते. आग लागली तेव्हाही दोघं बरोबर होते. दादा वाचला. आपला मुलगा शेवटी काय बोलला, हे संजूच्या आईला ऐकायचं होतं. दुसरं कोणी ते सांगू शकणार नव्हतं.

अडचण उन्हाची. दादाच्या छातीवर, पाठीवर आणि हातांवर नवी कातडी बसवली आहे. तिला घाम येत नाही. अंग आतल्या आत तापत जातं. गाडीत एसी हवाच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शिरूरहून पहाटे निघायचं ठरलं होतं, पण पट्ट्या बांधण्यात सकाळ गेली.

रस्ता सोपा आहे. न्हावरे, मग भीमेवरचा पूल, पारगाव, चौफुला, आणि तिथून सोलापूर महामार्गाने वरवंड. मे महिन्यात उसाच्या ट्रॉल्या नसतात. सावलीही नसते.

न्हावऱ्याच्या अलीकडे हवा थांबली. एसीचा दिवा लागलेला, पण झरोक्यांतून काहीच येईना. एका रसवंतीशेजारी कडुलिंबाखाली गाडी घेतली. रसवाल्या आबांनी दादाला बाकावर बसवलं, डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं, पंचा भिजवून मानेवर टाकला.

"मागं फिरा, पावणं. आज ऊन लई हाय."

"मागं फिरायचं असतं तर घरातच बसलो असतो की, आबा."

दादा कारखान्यात फिटर होता. आता बोटं मिटत नाहीत. तो सांगत होता, मी करत होते.

"ब्लोअर चारी नंबरवर फिरवून बघ. निस्त्या चारवर चालला तर रेझिस्टर गेला."

"एकावरही नाही."

"मग फ्यूज बघ."

जळाला होता. फ्यूजपेटीच्या झाकणात दोन जादा होते. एक बसवला. क्षणभर घरघर झाली आणि तोही गेला.

"पंख्याची मोटार अडकलीय. आता दुसरा जाळू नगंस. आधी ती खाली काढ."

दादाचे डोळे लाल झाले होते, शब्द जड येत होते. मी डॅशबोर्डचा कप्पा काढला, स्क्रू सोडले. ब्लोअरचा पंखा हातात आला तो कांद्याच्या टरफलांनी गच्च भरलेला. आठवडाभर गाडी मी मुद्दाम कांद्याच्या चाळीत लावत होते, दादासाठी थंड राहावी म्हणून. उडालेली टरफलं काचेखालच्या जाळीतून आत गेली होती. आमच्या जुन्या गाडीत फिल्टर नाही.

दादाने मूठभर टरफलांकडे पाहिलं. "तुझ्या मायेनंच गेलो असतो, बये."

मला हसता आलं नाही. पंखा साफ केला, बोटाने फिरवून पाहिला, मग उरलेला फ्यूज लावला. हवा आली. आबांनी बर्फाची पिशवी दादाच्या मांडीवर ठेवली. उन्हाळ्यात आजारी माणूस घेऊन निघणार असाल, तर आदल्या दिवशी ब्लोअर सगळ्या नंबरांवर चालवून बघा. जादा फ्यूज ठेवा. तो दहा-वीस रुपयांत मिळतो, वाटेत मात्र मिळेलच असं नाही.

वरवंडला पोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या. संजूची आई ओट्यावर बसली होती. दादाला पाहून तिने सरकून जागा केली.

"काय म्हणला रं माझा संज्या?"

"मावशी, मोठं काय न्हाई." दादा जमिनीकडे बघत होता. "'डबा उघडू नगंस, मी आलो की संगंच जेवू,' म्हणला. आन् व्हॉल्व्हकडं गेला."

ती म्हणाली, "म्हंजी तूबी उपाशीच हुतास."

"व्हय."

"ऊठ. हात धू."

तिने दोन ताटं वाढली आणि स्वतः त्याच्यासमोर बसली. दादाच्या बोटांतून भात सांडत होता. ती पुढचा घास हातात धरून थांबत होती, त्याचा तोंडात जाईपर्यंत.

ऊन उतरल्यावर निघालो.

घरी आई त्याचं ताट घेऊन नेहमीप्रमाणे त्याच्या खोलीकडे निघाली. सांडताना कोणी बघू नये, म्हणून दवाखान्यातून आल्यापासून तो तिथेच एकटा जेवत आला आहे. त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकून बसला.

"हितंच वाढ," तो म्हणाला. "सगळे बसू दे आधी."