निरंक असल्यास निरंक

मी ज्या शाळेत शिकवतो तिथं मोबाइलला नेटवर्क येत नाही. ते शंभर पावलांवरच्या मारुतीच्या पारावर येतं. सकाळी धुळ्याहून बस पकडायची, हायवेच्या फाट्यावर उतरायचं, कुणाची तरी मोटारसायकल गाठायची, आणि एवढं करून वर्गात पोचलं की पुन्हा बाहेर पडून पारावर जाऊन उभं राहायचं. हजेरी भरायची, खिचडी शिजत असल्याचा फोटो टाकायचा, आणि तो वर चढेपर्यंत हात उंच धरून ठेवायचा. पारावर एक आबा बसलेले असायचे. ते रोज विचारायचे, "काय सर, लागनी का रेंज?" आधी मला हसू यायचं. पुढं पुढं त्या म्हाताऱ्याचा राग यायला लागला. त्यांनी माझं काहीएक वाकडं केलं नव्हतं.

ग्रुप नऊ होते. केंद्राचा, तालुक्याचा, पोषण आहाराचा, मतदार यादीच्या कामाचा, पालकांचा, बाकीचे आता आठवत नाहीत, आठवून करायचंय काय. प्रत्येकावर 'अत्यंत तातडीचे'. शौचालयाचे नळ किती, झाडं किती जगली, किती मुलांचे दात किडले. माहिती आजच बारापर्यंत भरावी, निरंक असल्यास निरंक भरावी. म्हणजे काही नसलं तरी काही नाही असं कळवायला पारावर जायचंच. बारा वर्षांची नोकरी झाली, पण आपण मास्तर आहोत की मोबाइलचे हमाल, हे मला अलीकडे सांगता येत नव्हतं.

त्या वर्षी माझ्याकडे चौथीत एक मुलगी होती. अक्षरं ओळखायची, पण दोन अक्षरं जोडून शब्द करायचा म्हटलं की थांबायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. हुशार होती, तोंडी हिशेबात वर्गाला ऐकायची नाही. जूनमध्ये तिचे वडील शाळेत आले. कापूसवाले शेतकरी, पायाला चिखल होता म्हणून दारातच उभे राहिले. आमची शाळा चौथीपर्यंतच, पाचवीला तीन किलोमीटर लांबच्या गावात जावं लागतं. ते म्हणाले, "सर, पोरले वाचता उनं तर पुढे धाडसू. नही तर घर काम शे तिले." बोलण्यात राग नव्हता, धाक नव्हता. साधं ठरवून आले होते. मी म्हटलं, "भाऊ, मार्चपर्यंत वाचेल ती. माझा शब्द."

शब्द दिला खरा. वर्गात टिकलो तर पाळणार ना. फळ्यावर 'कमळ' लिहावं आणि पारावर जायची वेळ व्हावी. पुढं तर रेंज नसलेल्या वर्गात, फोन टेबलावर असला तरी मांडीवर थरथर जाणवायची. झोप गेली, घरी कुणी काही विचारलं की अंगावर जायचो. बायको स्वयंपाकघरातून मला मेसेज टाकायला लागली, 'वाढलंय, या.' मी विचारलं, हाक मारायला काय झालं? ती म्हणाली, "अहो, हाक तुम्हाला ऐकू येत नाही. हे दिसतं." ती हसली नाही, मीही हसलो नाही, आणि आम्ही जेवलो.

त्यातच शिक्षकांसाठी ताणतणाव कमी करण्याचं ऑनलाइन प्रशिक्षण आलं. सक्तीचं. दोन तास पारावर उन्हात उभा राहून मी मन शांत कसं ठेवायचं ते ऐकलं. शेवटी डोळे मिटून बसल्याचा फोटो टाकायचा होता. माझे डोळे मिटलेले, मग फोटो आबांनी काढला.

वाचनाचेही फोटो लागायचे, दर आठवड्याला. ही मुलगी फोटोत फार छान बसायची. पुस्तक नीट धरायची, बोट ओळीखाली ठेवायची, ओठ हलवायची. कोंबडीच्या पिल्लांचा धडा, डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर मजकूर. तेच पान बरं दिसायचं म्हणून मी तेच उघडून द्यायचो. तालुक्याच्या ग्रुपवर त्या फोटोला अंगठ्यांचा पाऊस पडला. 'अभिनंदन सर, प्रेरणादायी.' मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पोरीला वाचता येत नाही हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं.

दिवाळीला रावेरजवळच्या आमच्या गावी गेलो. वाटलं होतं, चार दिवस केळीच्या बागेत फिरू, डोकं थंड होईल. घरी पाहतो तर वडील फोनमध्ये. केळीचे भाव आता फोनवर येतात, तासातासाला नवा आकडा, आणि सगळा गाव मान खाली घालून बसलेला. जेवणाची ताटं मांडली की माझी आई उठायची, वडिलांच्या हातातून फोन काढून पापडाच्या रिकाम्या डब्यात टाकायची आणि झाकण दाबायची. त्या खेपेला तिनं माझाही टाकला. "तू काय करू रायला रे भो," ती म्हणाली, "कव्हाची पाहू रायली, तुही भाकर गार झाली." निघताना मी तो डबा मागून घेतला. तिनं पुसून दिला, कारण विचारलं नाही.

दिवाळीनंतर रोज खिचडी झाल्यावर अर्धा तास फोन डब्यात, पारावर जायचं नाही. डबा कपाटावर, आणि आम्ही खाली सतरंजीवर. सुरुवातीला माझंच लक्ष कपाटाकडे जायचं, काय निघालं असेल, कुणी काय मागितलं असेल. मुलांना त्याचं काही नव्हतं. ती मुलगी माझ्या गुडघ्याजवळ बसायची. का, पू, स. एके दिवशी तिनं खिचडीच्या पोत्यावर बोट ठेवलं आणि आपणहून वाचलं, "तां... दू... ळ." मग पोत्याकडे बघून म्हणाली, "तांदूळ शे सर." पोत्यात तांदूळच आहे याचं तिला जास्त नवल वाटलं होतं. त्या दिवशी बसमध्ये मी फोन काढलाच नाही. असे तीन आठवडे मिळाले मला.

मग कारणे दाखवा नोटीस आली. हात धुण्याच्या उपक्रमाचे फोटो नेमके त्या अर्ध्या तासात मागितले होते, आणि तालुक्यात फक्त आमची शाळा राहिली होती. मुख्याध्यापक मॅडमनाही खुलासा द्यावा लागला. मॅडम भल्या बाई. मला बोलावून इतकंच म्हणाल्या, "सर, दोन वर्षं राहिली माझी. मला सुखानं जाऊ द्या."

इथं मला म्हणता आलं असतं की मॅडम, तो अर्धा तास द्या, बाकी मी बघतो. म्हटलं नाही. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. भांडायलाही अंगात जीव लागतो, आणि माझ्यात तो उरला नव्हता. डबा कपाटावरच राहिला, फोन हातात आला. पोरगी चार दिवस खिचडीनंतर सतरंजी अंथरून बसली. पाचव्या दिवशी तिनंही अंथरली नाही.

मार्च गेला. एप्रिलमध्ये ॲपवर प्रत्येक मुलापुढं 'वाचतो' किंवा 'वाचत नाही' भरायचं होतं. 'वाचत नाही' भरलं की त्या मुलासाठी काय केलं त्याचे पाच पानी तक्ते. मी पारावर उभा राहून वर्गातल्या तेराही जणांपुढं 'वाचतो' भरलं. दोन मिनिटांत झालं.

त्याच शनिवारी तिचे वडील आले. या वेळी पाय धुऊन आले होते आणि वर्गात येऊन खाली बसले. "सर, उनं का वाचता?" मी फोन डब्यात टाकला, झाकण दाबलं आणि तिच्यापुढं पुस्तक उघडलं. हात सवयीनं त्याच पानावर गेला. तिनं पाठ ताठ केली, बोट ठेवलं आणि सुरू झाली. खणखणीत, न अडखळता. वडिलांचा चेहरा असा काही उजळला की ते माझ्याकडे बघून मान हलवत राहिले. मी मात्र तिच्या बोटाकडे बघत होतो. बोट शेवटच्या ओळीवर पोचलं होतं आणि शब्द अजून मधल्या ओळीतले चालू होते. तिला ते पान पाठ होतं.

तिथं थांबलो असतो तर ती पाचवीला गेली असती. कुणाचं काय बिघडलं असतं? वर्षभर मी सगळ्या जगाशी खोटं बोललो होतो, ॲपवर, ग्रुपवर, नोटिशीच्या खुलाशात. पण त्या माणसानं पाय धुतले होते, आणि त्याच्यासमोर मला लाज वाटली. मी पान उलटलं.

तिनं नव्या पानावर बोट ठेवलं. ओठ हलवले. आवाज आला नाही. वडील थोडे पुढं सरकले. तिनं मान वर करून आधी माझ्याकडे पाहिलं, मग कपाटावरच्या डब्याकडे, आणि मला समजावल्यासारखं हळूच म्हणाली, "सर, डबा उघाडा ना. फोटू रही गया."

मग वडील गुडघ्यावर हात टेकून उठले. "ऱ्हाऊ द्या सर," ते म्हणाले, "तुम्ही तरी काय काय करशात." ते मनापासून म्हणत होते, तेच मला सहन झालं नाही. ती पुस्तक मिटून दप्तरात ठेवत होती, नीट, कोपरे न दुमडता.

ते दोघे गेल्यावर मी डबा काढला आणि पारावर गेलो. आबांनी रेंजचं विचारलं, मी फोन उंच धरला. फोन हातात थरथरला. गावात शाळेत न जाणाऱ्या मुली किती, ती माहिती आजच भरावी, निरंक असल्यास निरंक भरावी. ती अजून माझ्या पटावर होती. मी निरंक भरलं.