फ्रेंच चर्चमधली हजेरी

सैन्यातून सुभेदार म्हणून बाहेर पडलो. बायको गेल्यावर मुलाने इकडे जर्मनीत आणलं. डार्मश्टाटजवळचं एक खेडं, हे माझं शेवटचं पोस्टिंग. कमांडिंग ऑफिसर सूनबाई. सकाळी चहा, मग फिरणं, मग दिवसभर खिडकी. नातीला मराठीत विचारलं की ती जर्मनमध्ये उत्तर देते. मी आपला "या, या" म्हणतो, म्हणजे त्यांचं हो, हो. करतो काय!

गल्लीच्या टोकाला एक जुनं चर्च आहे. सगळे त्याला फ्रेंच चर्च म्हणतात. मी इंजिनिअर्समधला माणूस, आधी भिंती पाहतो. दगड इथल्याच खाणीतला, चुन्यात बांधलेला. आत एकही खांब नाही. छपराचं सगळं ओझं कैच्यांवर, म्हणजे लाकडी त्रिकोणी सांगाड्यांवर. मूर्ती नाही, चित्र नाही, रंगीत काचा नाहीत. प्रवचनाचा उंच मंच लांब भिंतीच्या मधोमध आणि तीन बाजूंनी बाकं. सूनबाई म्हणाली, "बाबा, हे तर शाळेचा हॉल वाटतंय." मला मात्र आवडलं. बराकीसारखं, कामापुरतं.

किल्ली फ्राऊ बेकर सांभाळतात. विधवा, माझ्याच वयाच्या. त्यांनी सांगितलं, धर्मापायी राजाने फ्रान्समधून हाकललेली माणसं इथे आली. स्वतःची घरं धड उभी नव्हती, तेव्हा त्यांनी हे बांधलं. दारावरची ओळ फ्रेंच, प्रवचनही कित्येक पिढ्या फ्रेंच.

"मग फ्रेंच बंद कसं पडलं?"

"मुलं जर्मनमध्ये उत्तरं द्यायला लागली," त्या म्हणाल्या.

मी हसलो. पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी या चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात. यंदा तो रविवार नेमका आमच्या दत्तूच्या दिवशी आला.

नोकरीत असताना एकदा आम्ही डोंगरात होतो. पलीकडच्या पोस्टवर दोन जवान आजारी, आणि रस्त्यावर दरड कोसळलेली. आमचं सेक्शन ती हटवत होतं. नाईक दत्तू शेलार बाजूला उभा राहून डोझरला खुणा करत होता. माझी नजर वर, कड्याकडे. रेडिओ वाजला.

"रस्ता कधी? ओव्हर."

"अर्धा तास. ओव्हर."

तेवढ्यात वरून दगड सुटले. मी शिट्टी मारली. दत्तू पळाला, पण डोझरकडे. ड्रायव्हर मानेला इंजिनच्या आवाजात शिट्टी ऐकूच गेली नव्हती. दत्तूने त्याला दंडाला धरून खाली खेचलं, लांब ढकललं, आणि स्वतः दरडीखाली गेला.

संध्याकाळी रस्ता उघडला. दोन्ही जवान वाचले. रोलकॉलला मी दत्तूचं नाव घेऊन बसलो. सवय हो, दुसरं काय! मग मागून माने ओरडला, "हाजिर साब!"

तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी मी मानेला फोन करायचो. मी नाव घ्यायचो, तो हाजिर म्हणायचा. बाकी एक शब्द नाही. या उन्हाळ्यात माने गेला.

"बाबा, मी म्हणतो ना हाजिर," मुलगा म्हणाला.

"तू होतास तिथे?" मी खेकसलो.

पोराचं तोंड एवढंसं झालं. मलाही वाईट वाटलं. पण ते उत्तर उसनं चालत नाही.

रविवारी एकटाच गेलो. पास्टरबाईंनी गावातली नावं वाचली, प्रत्येकाची मेणबत्ती पेटली. मग त्या म्हणाल्या, आणखी कुणाला आपल्या माणसाचं नाव घ्यायचं असेल तर घ्यावं. मी सावधान उभा राहिलो.

"नाईक दत्तू शेलार!"

हॉल घुमला. लोक माना खाली घालून गप्प बसले. त्यांच्यात तोच मान. मी मात्र उत्तराची वाट पाहत तसाच ताठ उभा. मला कळेना खाली कसं बसावं. फ्राऊ बेकर उठल्या आणि त्यांनी माझ्या हातात मेणबत्ती दिली.

शेवटी मीच म्हणालो, "हाजिर साब."

मेणबत्ती लावली, बाकावर बसलो आणि रडलो. दत्तू, माने, तुमचा सुभेदार परमुलखात एकटा उरलाय रे. मी आहे तोवर तुमची हजेरी चुकणार नाही. माझं नाव पुकारलं जाईल, तेव्हा ओ तुम्ही द्या.