‘खेळ बंद करा’ म्हटलं आणि गाडी बिथरली: पनवेल ते हरिहरेश्वर

शनिवार, १७ जानेवारी, सकाळचे सव्वादहा. पनवेलच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी समोर उभी असताना तिथल्या मॅनेजरने माझ्या मुलीला फोनवर सांगितलं, "गाडी एकदम ओके आहे. मॅडमचा हात थरथरतो."

मला नाही, मुलीला! मी बँकेतून निवृत्त झालेली बाई, ती साडेतीनशे सीसीची मोटरसायकल माझ्या नावावर, आणि निदान ऐकवलं मुलीला.

तक्रार साधी होती. सावकाश चालवताना रेसची मूठ जराशी पिळली की गाडी झटका मारायची. आठवड्यापूर्वी त्यांच्याकडेच दुरुस्तीला दिली, तर झटके वाढवून परत आली. जाब विचारायला गेले तेव्हाचं हे उत्तर. केतकीने, म्हणजे मुलीने, घरी आल्यावर निकाल दिला, "हरिहरेश्वरचं ठरलंय तर जाऊन ये, आई. पण सावकाश. आणि आल्यावर चावी माझ्याकडे."

मंगळवारी उजाडताच निघाले. पेण-वडखळपर्यंत ट्रकांची रांग, आणि रांगेत मूठ दर दोन मिनिटांनी पिळावी लागते. प्रत्येक झटक्याला मी हाताकडे बघायची. थरथरला का? बघितलं की थरथरल्यासारखा वाटायचा. वडखळला मिसळ चांगली मिळाली. मिसळवाला म्हणाला, "चेन ढिली असंल, टाइट करून घ्या." चौलला नारळ-पोफळीच्या सावलीत पंक्चरवाल्याने चेन दाबून पाहिली, "केवढी टाइट हाय! ढिली करा." मुरुडला राहिले तिथले मालक जेवताना म्हणाले, "काकू, पेट्रोलातच भेसळ." सुरमईची थाळी उत्तम, सोलकढी दोनदा मागावी अशी. गाडीबद्दल मात्र डोक्याचा पार भुगा झाला. आडवी पडले तरी हात वर धरून बघत होते.

बुधवारी आगरदांड्याहून दिघीला जायची फेरी गाठली. दुचाकी सहज चढते, पण उतरणीवर गर्दी करू नका, चारचाक्यांना आधी जाऊ द्या. डेकवर माझी गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू, आणि उजव्या हातात तिकीट. फेरीवरच्या माणसाने जागा करायला माझं हँडल धरून पार डावीकडे वळवलं. इंजिन एकदम बोंबललं.

शेजारी टोपलीत कोंबड्या घेऊन एक बाई बसली होती. ती खेकसली, "ओ बाय, रेस कमी करा की! कोंबड्या बिथारल्या माझ्या."

"अहो, मी मुठीला हातच लावलेला नाही."

"मग कोण, तुमचा घो बसलाय काय मागं?"

सगळे हसले. मी तिकीट धरलेला हात वर करून दाखवला. हँडल सरळ केलं, इंजिन शांत. डावीकडे वळवलं, पुन्हा बोंब. तीन वेळा करून पाहिलं. माझा हात हवेत आणि गाडी रेस खातेय! कोंबड्यांच्या बाईचा नवरा वाकून मुठीपासून इंजिनाकडे जाणारी केबल बघत म्हणाला, "खेळच न्हाय ठेवलान कुणी. केबल निसती ताणून बसवलीय."

खेळ. पहिल्यांदा गाडी दिली तेव्हा चिडून मी काउंटरवर म्हणाले होते, "हा मुठीचा खेळ आता कायमचा बंद करा." म्हणजे हा चावटपणा पुरे. आणि त्या शहाण्यांनी खरोखरच केबलचा खेळ काढून टाकला! यंत्रातल्या ढिलाईला इंग्रजीत ‘प्ले’ म्हणतात हे कॉन्व्हेंटमुळे मला ठाऊक होतं. मराठीतही हाच शब्द चालतो हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

दिघीला उतरून मुठीजवळचं रबर सरकवलं. आतला नट सैल करून केबल नखाएवढी ढिली केली आणि नट पुन्हा आवळला. तुमचीही गाडी झटके मारत असेल तर आधी ती उभी करून, इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे वळवून बघा. आवाज बदलला तर केबल ताणलेली आहे. चालवताना कोपर सैल ठेवा, मूठ फळ पिळल्यासारखी पिळू नका, कुलूप हळूच उघडावं तशी उघडा.

दिवेआगर, श्रीवर्धन... समुद्राकाठचा तो रस्ता मी लोण्यावरून गेल्यासारखी गेले. हरिहरेश्वरला दर्शन झालं, ओहोटी विचारून खडकांवरची प्रदक्षिणाही केली. भरतीत ती करू नका. पण परतताना देवळाच्या चढावर गाडीने एक झटका दिलाच. छोटा, पण झटका. आता हा कुणाचा? केबलचा की माझा? घरगुती खाणावळीत चहाचा कप तळहातावर ठेवून बघितलं. चहा हलत होता, पण वाराही होता. खाणावळीच्या वहिनी मोदक वाढता वाढता म्हणाल्या, "आजी, चहा प्या आधी, निवतोय."

गुरुवारी माणगावमार्गे घरी. समुद्र, सोलकढी, मोदक, सगळं मनात आहे, आणि तो एक झटकाही. केतकीला फेरीवरची हकिगत हातवारे करून सांगितली. ती म्हणाली, "आई, खेळबिळ मला कळत नाही. त्यांची चूक होती असं त्यांनी लिहून दिलं तर चावी घे." चावी अजून तिच्याच पर्समध्ये आहे.

म्हणून, मॅनेजरसाहेब, चढावरच्या त्या एका झटक्याचं माझं मी बघेन. बाकीच्या झटक्यांचं तुम्ही सांगा. केबलचा खेळ कुणी काढला? आणि माझा हात थरथरतो हे तुम्ही नेमकं कधी पाहिलंत, की नुसते पांढरे केस पाहिलेत? फोन नको, मुलीला तर मुळीच नको. लेखी उत्तर, माझ्या नावाने, शनिवार, ३१ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत.